कॅन्डिडा अल्बिकन्स आणि कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस हे दोन यीस्ट (एकपेशीय बुरशी) लॅबमध्ये वेगळे कसे ओळखायचे? 45 अंशांची टेस्ट पुरते का?

नाही पुरत. निदान तुम्ही लिहिलीय तशी केली तर मुळीच नाही. "जर्म ट्यूब पॉझिटिव्ह आली, 45 अंशांना प्लेट ठेवली, 48 तासांत काही उगवलं नाही, तर डब्लिनिएन्सिस म्हणून रिपोर्ट द्यावा का?" हे तुमचं वाक्य वाचलं आणि माझा जुना बेंच डोळ्यांसमोर आला. तो आठवला की माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

जर्म ट्यूब (सीरममध्ये पेशीला फुटणारी बारीक नळी) आणि क्लॅमायडोस्पोर (जाड भिंतीचे बीजाणू) दोघांनाही येतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या टेस्टचा आधार इतकाच, की 45 अंशांना अल्बिकन्स वाढतो आणि डब्लिनिएन्सिस सहसा वाढत नाही. 1995 पर्यंत तर डब्लिनिएन्सिसला स्वतःचं नावही नव्हतं. डब्लिनमध्ये एचआयव्हीच्या रुग्णांच्या तोंडातून मिळालेले काही स्ट्रेन वेगळे निघाले, त्यांना नाव मिळालं, आणि मग लोकांनी जुने साठे उघडून बघितले. तेव्हा 1957 सालचा एक स्ट्रेन कॅन्डिडा स्टेलॅटॉइडिया या दुसऱ्याच नावाखाली निमूट पडलेला सापडला. इतकी वर्षं भल्याभल्यांना चकवणाऱ्याला तुम्ही एका प्लेटवर पकडणार?

आता माझी गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष. एका महिन्यात तोंडाच्या स्वॅबमधून जर्म ट्यूब पॉझिटिव्ह असे 11 आयसोलेट (नमुन्यातून वेगळे काढलेले स्ट्रेन) जमले. सरांनी ते 45 ला ठेवायला सांगितले. 11 पैकी 9 उगवले नाहीत. सर खूश! नऊ रिपोर्ट त्याच दिवशी डब्लिनिएन्सिस म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत पुढच्या कॉन्फरन्सच्या पोस्टरचं शीर्षकही ठरलं.

मी न विचारता एक आगाऊपणा केला होता. त्याच खणात, त्याच रॅकवर अल्बिकन्सचा कंट्रोल स्ट्रेन (तुलनेसाठी, ओळख पक्की असलेला) ठेवला होता. तोही उगवला नव्हता. सरांना दाखवलं तर म्हणाले, "तुझं कंट्रोल मेलंय. सबकल्चर करकरून वाट लावलीस त्याची." त्याच स्लँटवरून (कंट्रोल साठवलेल्या नळीतून) मी 37 ला प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या कॉलन्यांनी गच्च भरलेली. मग म्हणाले, योगायोग.

तेव्हा मी एका फ्लास्कमध्ये पाणी घेतलं, त्यात थर्मामीटर बुडवला आणि रात्रभर इन्क्युबेटरच्या वरच्या खणात ठेवला. (नुसत्या हवेत ठेवू नका, दार उघडलं की पारा उतरतो आणि मग भांडण होतं.) बाहेर डिस्प्लेवर 45. आत वरच्या खणात 48, खालच्यात 46. 48 ला अल्बिकन्ससुद्धा मान टाकतो. सरांच्या मते थर्मामीटर खराब होता. मी दुसरा ठेवला. तोही 48 म्हणाला. मग सर म्हणाले, डिस्प्ले कंपनीने कॅलिब्रेट केलेला असतो, तुझे थर्मामीटर कुणी केले?

आमच्याकडे क्रिप्टोकोकस या दुसऱ्या यीस्टसाठी केलेल्या नायगर सीड अ‍ॅगरच्या प्लेटा शिल्लक होत्या. नायगर सीड म्हणजे आपले कारळे, त्यांच्या अर्काचं माध्यम. त्यावर डब्लिनिएन्सिस खरबरीत, कडेला झालर असलेल्या कॉलन्या करतो आणि भरपूर क्लॅमायडोस्पोर देतो. अल्बिकन्स तिथे गुळगुळीत राहतो. मी अकराही लावले. तीन दिवसांनी खरबरीत किती? दोन. सर हसले, "पाखरांच्या खाण्यावर डायग्नोसिस करतेस का?" शेवटी सगळे आयटीएस सिक्वेन्सिंगसाठी (डीएनए वाचून ओळख पटवायला) बाहेरच्या लॅबला पाठवले. उत्तर आलं, दोन. तेच दोन.

मी काही फार शहाणी नव्हते, तेही सांगते. या सगळ्याच्या आधी, रंगावरून यीस्ट ओळखायचं माध्यम असलेल्या क्रोमअ‍ॅगरवरचा गडद हिरवा रंग (डब्लिनिएन्सिसची खूण) बघून मी छातीठोकपणे चार आयसोलेटवर बोट ठेवलं होतं. त्यातला एकच खरा निघाला. तो गडद हिरवा नमुन्यातून पहिल्यांदा काढताना दिसतो, सबकल्चर केलं (नव्या प्लेटवर पुन्हा लावलं) की बऱ्याचदा फिका पडतो. मी बघत होते ती तिसरी पिढी. शिवाय गडद म्हणजे किती गडद, हे प्रत्येकाच्या डोळ्यावर. तुम्ही प्रश्नात "रंग थोडा गडद वाटला" असं लिहिलंय. तो "वाटला" रिपोर्टमध्ये आणू नका.

नऊपैकी सात रिपोर्ट दुरुस्त करून पाठवावे लागले. मीटिंगमध्ये सरांनी "तांत्रिक अडचण" इतकंच सांगितलं, आणि नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "पेशंटला काय फरक पडला? दोघांनाही फ्लुकोनॅझोलच दिलं असतं ना?" हा प्रश्न मला अजून टोचतो, कारण त्या सात जणांपुरतं ते खरं होतं. माझं तेव्हाचं उत्तर होतं, फरक पडत नसेल तर नाव छापलंच कशाला? जर्म ट्यूब पॉझिटिव्ह यीस्ट लिहून मोकळे झालो असतो. आज मी पुढे जाऊन कॅन्डिडा ऑरिसचं नाव घेईन. जपानमध्ये एका बाईंच्या कानातून मिळालेला आणि 2009 साली नाव मिळालेला हा यीस्ट. बायोकेमिकल मशिनं त्याला कितीतरी वर्षं हीम्युलोनिआय, म्हणजे त्याचा जवळचा नातेवाईक, म्हणत राहिली. त्यांना वेगळं करताना आपण काय बघतो? 42 अंशांना वाढ. ऑरिस 42 ला तग धरतो, हीम्युलोनिआय धरत नाही. आता आमचा तो तीन अंश चढा इन्क्युबेटर तिथे ठेवून बघा. ऑरिसही उगवणार नाही, आपण निवांत हीम्युलोनिआय लिहू आणि तो वॉर्डभर पसरेल. फ्लुकोनॅझोलला सहसा दाद न देणारा यीस्ट. सर, इथे पेशंटला फरक पडतो.

तर तुमच्या टेस्टबद्दल. माझा आक्षेप 45 अंशांना नाही. "उगवलं नाही" या निष्कर्षाला आहे. न उगवण्याची कारणं पन्नास असतात: तापमान चढलं, प्लेट सुकली (45 ला दोन दिवसांत सुकतेच, आत पाण्याचा ट्रे ठेवा), स्ट्रेनच अशक्त होता. उलट लूपभर घट्ट माल फासलात तर तो डागच वाढ म्हणून वाचला जातो. पातळ सस्पेन्शन करा आणि सुट्या कॉलन्या येतील असं स्ट्रीक करा. त्याच सस्पेन्शनची एक प्लेट 37 ला. शेजारी, त्याच खणात, माहितीचा अल्बिकन्स आणि मिळाला तर माहितीचा डब्लिनिएन्सिस. अल्बिकन्स उगवला नाही तर त्या दिवशीची सगळी बॅच बाद. 42 वर ही टेस्ट करू नका, तिथे काही डब्लिनिएन्सिसही उगवतात.

साडेसहा टक्के मीठ घातलेल्या सॅबुरो माध्यमातही डब्लिनिएन्सिस अडतो, झायलोज ही साखर वापरत नाही, पण ही सगळी पुन्हा "नाही"चीच यादी. म्हणून मला कारळ्याची प्लेट आवडते. तिथे डब्लिनिएन्सिस काहीतरी करून दाखवतो.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: तुमच्याकडे माल्डी (प्रथिनांच्या ठशावरून जंतू ओळखणारं मशिन) असेल आणि त्याच्या डेटाबेसमध्ये दोन्ही असतील, तर वरचं सगळं सोडा, माल्डी या दोघांना चांगलं वेगळं करतं. माझी प्लेटांची माया जुनी आहे, ती जमेस धरून वाचा. आणि एखादा स्ट्रेन कारळ्यावरही धड इकडचा ना तिकडचा दिसला तर वाद न घालता सिक्वेन्सिंगला पाठवा.

कंट्रोल लावलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आणि ती प्लेट कुठल्या खणात होती?