पावसाळ्यात रेझिनचे कानातले चिकटच राहतात, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की खानापूरला राहता, जूनपासून इपॉक्सी रेझिनचे कानातले आणि पेंडंट करायला लागलात, तीन दिवस झाले तरी माल बोटाला चिकटतोय, काहींवर वरून पांढुरकं धुकं आल्यासारखं दिसतंय, तर कंपनी बदलू का. बदलू नका. निदान आत्ताच नको, नवीन बाटल्या आणाल आणि परत हेच होईल.

मी बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, पॅटर्न शॉपमध्ये आहे, साचे पाडायचे नमुने बनतात तिथं, १७ वर्षं झाली. त्या नमुन्यांना आम्हाला इपॉक्सी लागतंच, त्यामुळं बायकोनं लॉकडाऊनमध्ये दागिन्यांचं खूळ घरात आणलं तेव्हा मी म्हटलं, सरक बाजूला, हे माझं रोजचं काम. पहिल्याच बॅचला नाक कापलं गेलं. बारा जोड्या ओतल्या, बाराच्या बारा चिकट. कारण काय तर शॉपमध्ये आम्ही रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर, या दोन बाटल्या, किलोनं मिसळतो आणि तिला पाहिजे होतं सगळं मिळून १५ ग्रॅम. ५०० ग्रॅम हार्डनरमध्ये अर्धा ग्रॅम इकडंतिकडं झाला तर कुणाला कळत पण नाही, पण ५ ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे सरळ दहा टक्के. दागिन्यात लोकांचं जे बिघडतं ते मुख्य इथं बिघडतं, आणि तुम्ही औषधाच्या झाकणानं मापता असं लिहिलंय म्हणून तर मला खात्रीच आहे.

रेझिन आणि हार्डनरचं काम पंगतीसारखं आहे बघा. पानं मांडलीत तेवढीच माणसं बसणार, जास्तीची आली ती ताटकळत उभी राहणार. ती उभी राहिलेली म्हणजे तुमच्या बोटाला लागतोय तो चिकटपणा. म्हणून लवकर सुकावं म्हणून हार्डनर दोन थेंब जास्त घालायचं हे डोक्यातून काढून टाका. हा सल्ला तुम्हाला कुणीतरी फायबरच्या कामवाल्यानं दिला असणार, त्याचं पण खोटं नाही ओ, पण तो पॉलिस्टर रेझिनबद्दल बोलतोय, त्याला घट्ट व्हायला जेमतेम एकदोन टक्के कॅटलिस्ट नावाचं रसायन लागतं आणि ते थोडं कमीजास्त करून वेळ जुळवता येते. उग्र वास मारतं ते पॉलिस्टर. इपॉक्सीत तसली चालढकल चालत नाही.

मग काय करायचं तर सराफाकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, ऑनलाइन मिळतो. आणि बाटलीवर नीट वाचा, २:१ लिहिलंय ते वजनानं आहे की मापानं. दोन्ही एक नाही. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळं मापानं २:१ असलेला माल काट्यावर २:१ घातला की हार्डनर जास्त पडतो. वजनाचं प्रमाण वेगळं छापलेलं असतं बऱ्याच बाटल्यांवर, नसेल तर सुईशिवायची इंजेक्शनची सिरिंज वापरा, दोन्हीला वेगळी, आणि झाकणं अदलाबदल करू नका. एका वेळी २० ग्रॅमच्या खाली मिसळूच नका, उरलं तर कीचेनच्या साच्यात ओता.

ढवळायचं तीन-चार मिनिटं, सावकाश, कडा आणि बूड खरवडत खरवडत. मग दुसऱ्या कोऱ्या ग्लासात ओतून परत एक मिनिट. हा दुसरा ग्लास लोकांना वेडेपणा वाटतो, पण पहिल्याच्या कडेला न मिसळलेलं रेझिन चिकटून राहतं आणि तुम्ही शेवटी ग्लास निपटून साच्यात घेता तेव्हा नेमकं तेच जातं. एका कानातल्याचा एवढासाच कोपरा मऊ राहिला, बाकी कडक, असं झालं की समजायचं ग्लास निपटला. आणि आइस्क्रीमची लाकडी काडी नको, लाकडातनं बुडबुडे सुटतात, सिलिकॉनची काडी घ्या, वाळलं की सोलून निघतं.

आता पाऊस. तुमच्याकडं तर आमच्यापेक्षा जास्त, जुलैत खानापुरात कपडे वाळत नाहीत तर रेझिन काय वाळणार. खरं म्हणजे रेझिन वाळत नाहीच, ते आतल्या आत जुळून घट्ट होतं, आणि त्याला ऊब लागते, साधारण २२ ते ३० डिग्री. गारठ्यात ते रेंगाळतं, आणि तेवढ्या वेळात हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, वर मेणचट साय येते. ते पांढुरकं धुकं बहुतेक तेच. हाताला तेलकट लागतंय पण खालचा माल कडक आहे असं असेल तर कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना ब्रश, जातं ते. न धुता वर दुसरा थर मारलात तर मात्र तो पापुद्र्यासारखा सुटेल.

आम्ही काय केलं सांगतो. मोठा खोका घेतला, आत वरच्या बाजूला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब, कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा. एलईडी नको, त्याला ऊब नसते. आत एक थर्मामीटर, ३० च्या आसपास ठेवायचं. बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका आणि खोका लावून गावाला जाऊ नका, एवढं पाळा. साच्यात ओतायच्या आधी साचे पण अर्धा तास त्यातच ठेवायचे, ओला गार साचा असेल तर बुडाला बुडबुडे येणारच. वरचे बुडबुडे फोडायला लाइटरची ज्योत लांबूनच फिरवा, एका जागी धरलात की सिलिकॉन भाजतं आणि पुढचा प्रत्येक नग तिथं खडबडीत निघतो. तोंडानं फुंकर मारू नका, तुमच्या श्वासात पण पाणीच आहे.

डिसेंबरात कधी रेझिनची बाटली खडीसाखरेसारखी गढूळ झाली तर फेकू नका, थंडीत खोबरेल थिजतं तसलाच प्रकार. झाकण घट्ट लावून गरम पाण्यात ठेवा, परत काचेसारखं होतं.

फुलांचं विचारलंय. ताजं फूल घातलंत की आतल्या आत तपकिरी होणार. पातळ पाकळ्या वहीत दाबून, शेवंती गुलाबासारखी जाड फुलं सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, पुरून आठवडाभर, पाकळी कुरकुरीत वाजली पाहिजे. लग्नाची वरमाळ रेझिनच्या ठोकळ्यात जपून द्यायचं काम घेणार असाल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा की पांढरी फुलं, मोगरा निशिगंध, पांढरी राहत नाहीत, बदामी होतात. आम्ही एकदा सांगितलं नाही आणि घरी येऊन त्या काकू जे बोलल्या ते बोलल्या. शिवाय तो जाड ठोकळा एका दमात ओतायचा नाही. दागिन्यांचं साधं रेझिन पाव इंचाच्या थरांनी घालायचं, नाहीतर जाड थरासाठीचं, डीप पोअर लिहिलेलं वेगळं आणायचं. जास्त माल एका जागी साठला की स्वतःच तापतो, मी एकदा ३०० ग्रॅम मिसळून फोन घ्यायला गेलो, येईपर्यंत प्लास्टिकचा ग्लास मऊ होऊन बसलेला आणि धूर. आमचे हेड मिस्त्री कन्नड बोलणारे, कुणी घाई केली की म्हणतात ‘स्वल्प तडीरी’, जरा थांबा. ते मिसळायच्या आधी. मिसळल्यावर मात्र थांबायचं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतोच. हातमोजे घालत नाही असं तुमच्या फोटोत दिसलं. नायट्राइलचे घाला, रोज. माझ्या वहिनीनं आठ महिने उघड्या हातानं केलं, काही झालं नाही, नवव्या महिन्यात बोटांच्या पेरांना खाज, मग पापण्या सुजल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं, ही ॲलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही, नंतर थोडंसं लागलं तरी उठते. हाताला लागलं तर थिनरनं पुसू नका, साबण आणि पाणी. घासताना सँडपेपर पाण्यात ओला करून, ४०० नंबरपासून २००० पर्यंत चढत, म्हणजे धूळ उडत नाही. साधा एन-९५ धुळीला ठीक, वासाला काही करत नाही, त्याला कार्बनच्या डब्याचा मास्क लागतो. आणि ओतलेला माल दुसऱ्या दिवशी कडक वाटला तरी सात दिवस कुणाच्या कानात घालू नका. हुक निकेलचे नकोत, स्टील किंवा चांदी.

विकायचं म्हणाल तर गंमत अशी की राखी, गणपती, सगळी गिऱ्हाइकी ऐन पावसात येते. म्हणून आम्ही राख्यांचा सगळा माल एप्रिल-मेमध्ये ओतून ठेवतो, अंधाऱ्या कपाटात, उन्हात पडला तर पिवळा पडतो. त्या दिवसांत उकाड्यानं माल पटकन घट्ट होतो, म्हणून सकाळी सहाला बसायचं आणि थोडं थोडं मिसळायचं. पावसात फक्त घासणं, भोकं पाडणं, हुक लावणं. घाईची एखादी ऑर्डर आलीच तर यूव्ही रेझिन, ते यूव्हीच्या खास दिव्याखाली काही मिनिटांत घट्ट होतं, पण गडद रंग जाड भरलात तर उजेड आत पोचत नाही आणि पोटात कच्चं राहतं.

आत्ता जे चिकट नग पडलेत ते आधी तीन दिवस बल्बच्या खोक्यात ठेवून बघा. थंडीनं राहिलेले असतील ते कडक होतील. तरीही नखाची खूण उठली तर प्रमाणच चुकलंय, वरून थर मारून झाकू नका, आतलं हुक आणि फूल निघत असेल तर काढून घ्या आणि बाकी टाका. आणि बाटलीच्या लेबलचा जवळून फोटो टाका इथं, वजनानं किती पडतं ते बघून सांगतो.