अपघातात जखमी झालेल्या माणसाची न विचारता एचआयव्ही तपासणी करता येते का?

तुम्ही लिहिलंय की हालोल रोडवर दिरांची मोटरसायकल घसरली, पाय मोडला, आणि बडोद्याच्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनआधी कुणालाही न विचारता एचआयव्हीची तपासणी झाली. ती ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे लागण असावी असं दाखवणारी) आल्यावर आता ‘सयाजीत’, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलात, ‘घेऊन जा’ म्हणतायत. मी याच शहरात कॅज्युअल्टीत सिस्टर आहे, म्हणून आधी तातडीचं सांगते.

या कारणावरून त्यांना ऑपरेशन नाकारता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. उपचारांसाठी ही तपासणी अट म्हणून घालायला त्यात मनाई आहे. तपासणी करायची तर रुग्णाची, किंवा त्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीची, नीट समजावून घेतलेली संमती लागते आणि आधी व नंतर समुपदेशनही लागतं. भरतीच्या वेळी घाईघाईत चार कागदांवर सह्या घेतल्या, तर तेवढ्याने ही संमती होत नाही. शिवाय जखमीला आधी उपचार द्यायचे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. त्यामुळे भांडू नका, शांतपणे एवढंच म्हणा, “ऑपरेशन का करत नाही ते लेखी द्या.”

दुसरं म्हणजे, एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणजे निदान झालं असं नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन तपासण्या जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. तोवर घरात कुणाला काही बोलू नका. सासूबाईंनाही नाही. ही गोष्ट दिरांची आहे, ती कुणाला सांगायची हे त्यांनीच ठरवायचं. त्यांना अजून कुणी सांगितलं नसेल, तर वॉर्डातल्या गर्दीत नको, समुपदेशकाने बाजूला बसून सांगावं असा आग्रह धरा.

स्टाफची भीती मला कळते, टोचलेल्या सुईची धास्ती मीही अनुभवली आहे. पण बाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण हजारात तीन असते. जागा साबण-पाण्याने धुवायची आणि लागण टाळण्याचं औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं. रुग्णाच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. आणि रिपोर्ट निगेटिव्ह म्हणून निर्धास्त होणं तर फारच धोक्याचं, कारण लागण नवी असेल तर साध्या किटवर ती तीन महिन्यांपर्यंतही दिसेलच असं नाही. हिपॅटायटिस बी तर सुईतून याहून कितीतरी सहज पसरतो. म्हणून हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी घालायचे, रिपोर्ट बघून नाही. कायद्यानेही ही साधनं स्टाफला देण्याची जबाबदारी हॉस्पिटलवरच टाकली आहे.

तरीही कॅज्युअल्टीत ही तपासणी होऊच नये, असं मी म्हणणार नाही. एरवी दवाखान्याची पायरी न चढणारी तरुण मुलं आमच्याकडे येतात ती अपघातानंतरच. अमेरिकेत २००६ पासून इमर्जन्सीतही नेहमीची तपासणी म्हणून ती करावी अशी शिफारस आहे, पण तिथेही रुग्णाला सांगतात आणि तो नको म्हणू शकतो. दुखणं जरा कमी झालं की शेजारी बसून विचारलं, तर बरेच जण हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे. आणि निदान पक्कं झालंच, तर सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषधं फुकट मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. माणूस नोकरी-संसार करत पुष्कळ वर्षं जगतो.

सल्ल्यासाठी १०९७ वर फोन करा, तो मोफत आहे. हॉस्पिटलने ऐकलंच नाही तर याच एचआयव्ही कायद्याखालच्या राज्याच्या लोकपालाकडे (ओम्बड्समनकडे) तक्रार करता येते, पण ते नंतरचं. आज रात्री दिरांच्या पायाची बोटं बघत राहा. गार पडली, बधिर झाली किंवा वेदना एकदम वाढल्या, तर लगेच डॉक्टरांना बोलवा.