मुंबईच्या दमट हवेत जुन्या इसबाची खाज कोणत्या वनस्पतीजन्य उपायांनी शमते?

घाण्याचे शुद्ध खोबरेल तेल आणि बारीक दळलेल्या ओट्सची अंघोळ, हे दोनच उपाय मी निःशंकपणे सुचवीन. त्यांनी खाज व कोरडेपणा कमी होतो, इसब मुळापासून जात नाही. इसबात त्वचेचा वरचा थर ओलावा धरून ठेवू शकत नाही आणि त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सहज वाढतो. शुद्ध खोबरेल तेल ओलावा टिकवते आणि त्या जिवाणूला काही प्रमाणात आवरते, तर ओट्समधील अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड ही द्रव्ये दाह शमवतात. मूठभर साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे करून, मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून कोमट पाण्याच्या बादलीत पिळावेत, पाणी दुधाळ झाले की त्यानेच शेवटी अंग धुवावे, न चोळता टिपावे आणि अंग ओलसर असतानाच तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. घामाच्या दिवसांत थापलेले तेल घाम कोंडते व खाज उलट वाढवते. कडुलिंबाचा वाटलेला लेप, लिंबू आणि लसूण मात्र चिरलेल्या त्वचेला कृपया लावू नका. लसणाने तर त्वचा अक्षरशः भाजते. मात्र चट्टा गोल, कडेने उठावदार आणि मध्ये फिकट असेल, तर तो बहुधा इसब नसून नायटा असतो, म्हणून केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात आधी निदान करून घ्यावे.