आठवी-नववीच्या मुलांना सोलापुरात घरीच शिकवायचंय, वर्ष कसं आखावं? दहावीचं काय?

आधी दहावीचं ठरवा, वर्ष त्यावरून आखा. वाटा दोन: राज्य मंडळाचा 17 नंबर फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज (आपल्याला पुणे विभागीय मंडळ), किंवा एनआयओएस, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय मुक्त शाळा. 17 नंबरला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. शाळेतून नाव काढतानाच तो घ्या आणि नाव, आईचं नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका वेलांटीपायी ऐन वेळी पळापळ होते.

एनआयओएसला 14 वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय, मराठी माध्यमही चालतं. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना (टीएमए) 20 टक्के वजन आहे, पण लेखीत 33 टक्के वेगळे मिळवावेच लागतात. इथेच पोरं गाफील राहतात. विज्ञान घेतलं तर प्रॅक्टिकल अभ्यासकेंद्रावर.

आठ तासिकांचं वेळापत्रक मात्र भिंतीवर चिकटवू नका, महिन्यात फाटतं. या वयाला रविवारी आठवड्याचं काम लिहून द्या, क्रम त्यांचा त्यांना ठरवू दे. गणित रोज तासभर, तेवढं अडून बसा. एप्रिल-मेमध्ये दुपारी डोकं चालत नाही; अभ्यास सकाळी साडेनऊच्या आत उरका. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सुट्टीच धरा, नाहीतरी कोणी बसत नाही.