दोन ऑफिसांची ईपीएबीएक्स जोडताना

पुणे-नाशिक ऑफिसांची ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातली टेलिफोन एक्स्चेंज, जोडताय ना, मग आधी एक्स्टेन्शन (आतले फोन नंबर) वेगळी करा: पुण्याची 2 ने, नाशिकची 3 ने सुरू होणारी. दोन्हीकडे 201 असला की घोळ ठरलेलाच. दोन्हीकडे ॲस्टरिस्क (एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर सरळ आयएएक्स2 ट्रंक घ्या, म्हणजे ॲस्टरिस्कच्याच पद्धतीची दोन एक्स्चेंजमधली जोडणी. घंटी आणि आवाज, सगळं 4569 या एकाच यूडीपी पोर्टवरून (नेटवर्कच्या दारातून) जातं. एसआयपी या इंटरनेट फोनच्या दुसऱ्या पद्धतीत आवाजाचे पोर्ट वेगळे, म्हणून कधी घंटी वाजते, फोन उचलला जातो आणि पलीकडून चकार शब्द नाही. तेव्हा नॅट (राउटर आतले-बाहेरचे पत्ते बदलतो ते) तपासा, राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपीचे संदेश मध्येच बदलणारी सोय) तर बंदच करा. जी.711 या आवाजाच्या कोडेकला दर कॉलमागे प्रत्येक दिशेला साधारण 87 केबीपीएस (इंटरनेटचा वेग) लागतात, व्हीपीएनवर (दोन ऑफिसांमधल्या सुरक्षित खाजगी जोडणीवर) थोडे जास्त. व्हीपीएन मात्र हवंच. पोर्ट उघडा दिसला की कुणीतरी रातोरात तुमच्या लाइनवरून परदेशी फोन करून मोकळा होतो.