शॉवरच्या भिंतीत १८ मिमीचा फरक आहे, तो टाइलच्या केमिकलने भरून काढता येईल का?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: जुन्या टाइल्स फोडल्या आहेत, भिंत ५ फूट रुंद आणि ७ फूट उंच आहे, मध्ये दबलेली आहे आणि डाव्या कडेला आरसीसी कॉलम पुढे आलाय. ६०० बाय १२०० मिमीच्या टाइल्स घरात येऊन पडल्यात, उजव्या टोकाला काचेचं पार्टिशन बसणार आहे आणि मिस्त्री म्हणतो, "केमिकलमध्ये काढून घेऊ."

काढू देऊ नका. भिंत गिलाव्यात सरळ करायची असते, केमिकल म्हणजे टाइलचा ॲडहेसिव्ह, तो फक्त चिकटवण्यासाठी. त्यात सिमेंट आणि पॉलिमर जास्त, वाळू बारीक, त्यामुळे जाड थर दिला की सुकताना तो आकसतो आणि टाइलला आत ओढतो. तुमची एक टाइल १४-१५ किलोची आहे. १५-२० मिमीच्या ओल्या थरावर ती तासाभरात खाली सरकते. पिशवीवर कमाल जाडी छापलेली असते, बऱ्याचदा १२ मिमीच्या आसपास. खर्चाचंही बघा. एका चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण दीड किलो केमिकल लागतं. तुमची भिंत सव्वातीन चौरस मीटर. ४ मिमीच्या थराला २० किलोची एक पिशवी पुरते, सरासरी १३ मिमी झाला तर तीन पिशव्याही कमी पडतात.

मग मिस्त्री दुसरा उपाय काढतो, टाइलच्या मागे केमिकलचे पाच गोळे म्हणजे लाडू लावून ती दाबून बसवायची. शॉवरमध्ये हे त्याहून वाईट. लाडवांच्या मधल्या पोकळीत पाणी साठतं, वाट काढत खालच्या फ्लॅटच्या छतापर्यंत जातं, आणि बोटाने वाजवली की टाइल मडक्यासारखी बोलते.

आधी माप घ्या. भिंतीच्या वरच्या बाजूला खिळा ठोकून ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, अशी सोडा की दोरी खिळ्यापाशी भिंतीपासून साधारण ५० मिमी राहील. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असं तीनदा, आणि प्रत्येक वेळी जमिनीपासून १, ३, ५ आणि ७ फुटांवर दोरी ते भिंत अंतर मोजून तो आकडा तिथेच पेन्सिलीने भिंतीवर लिहा. तिन्ही खिळ्यांपाशी दोऱ्या एका आडव्या दोरीत असल्या पाहिजेत, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडता येणार नाहीत. लहान आकडा म्हणजे भिंत पुढे, मोठा म्हणजे आत. समजा कॉलमवर ४१ आला आणि मध्ये ५९, तर तोच तुमचा १८. दोन्ही कोपऱ्यांत गुण्याही लावा, म्हणजे काटकोन तपासा: एका भिंतीवर ६० सेमी, दुसऱ्यावर ८०, तर तिरकं अंतर बरोबर १०० यायला हवं. कोपरा गुण्यात नसेल तर जमिनीच्या टाइलचा शेवटचा तुकडा पाचरीसारखा कापला जातो आणि आयुष्यभर डोळ्यात खुपतो.

यात माझं एक मत आहे, ते सगळ्या मिस्त्रींना पटत नाही. शॉवरमध्ये ओळंब्यापेक्षा सपाटी महत्त्वाची. ७ फुटांत ४-५ मिमी झुकलेली पण सपाट भिंत कुणाच्या लक्षात येत नाही. पोट आलेली भिंत मात्र लाइट लावताच दिसते, कारण मोठ्या टाइल्सच्या कडा एकमेकींच्या पुढेमागे होतात. अपवाद उजव्या टोकाचा. तिथे काच येणार, काच सरळच असते, आणि भिंत झुकलेली असेल तर फट वर रुंद, खाली अरुंद अशी सिलिकॉनने भरत बसावं लागतं. ती कड काटेकोर ओळंब्यात घ्या.

आता गिलावा. कॉलम फोडू नका, आत सळया आहेत. त्यावर छिन्नीने फक्त टाचे (छोट्या खाचा) मारा आणि कॉलम-विटेच्या सांध्यावर दोन्हीकडे १५० मिमी जाईल अशी चिकन मेश (तारेची जाळी) ठोका, नाहीतर तिथेच उभी चीर पडते. जुना गिलावा सगळीकडे हातोडीच्या दांड्याने वाजवा. जिथे पोकळ वाजेल तिथला विटेपर्यंत काढा. कॉलमवर ८ मिमी माल धरला तर मध्ये २६ होईल. शून्यावर आणून संपवलेला गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून तो ८ मिमीचा हट्ट. २६ एका थरात मारू नका, स्वतःच्या वजनाने तो पोट काढतो. पहिला थर १२-१५ मिमी, ओला असतानाच त्यावर आडव्या रेघा ओढायच्या, दुसरा थर दुसऱ्या दिवशी.

ठिय्ये म्हणजे गिलाव्याची जाडी ठरवणाऱ्या खुणा. ते मारताना टाइलचे छोटे तुकडे मालात बसवा: चार कोपऱ्यांत चार, मध्ये दोन, ओळंबा आणि दोरीने एका पातळीत. दोन ठिय्यांमधलं अंतर तुमच्या ॲल्युमिनियम पट्टीपेक्षा कमी हवं, हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. माल १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), वॉटरप्रूफिंग लिक्विड बाटलीवरच्या प्रमाणात. या भिंतीला अर्धं पोतं सिमेंट आणि अडीच घनफूट वाळू पुरते. वर लाकडी रंधा मारून खरखरीत सोडा. नीरू, पुट्टी, पीओपी असला कुठलाही गुळगुळीत लेप नको. टाइल पुट्टीला चिकटते आणि पुट्टी भिंतीला सोडते. दुसऱ्या दिवशी पट्टी उभी, आडवी, तिरकी फिरवून बघा. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा तेव्हाच खरवडा, सिमेंट कच्चं असतं. मग सात दिवस पाणी.

एक गोष्ट गिलाव्याआधी, आणि ही चुकली तर पुन्हा फोडावं लागतं. कन्सिल्ड डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा, भिंतीत गाडलेला भाग) डब्यावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. टाइलचा चेहरा त्या दोघींच्या मध्ये यायला हवा. डायव्हर्टरच्या जागी गिलावा २० येत असेल तर वॉटरप्रूफिंगचे २, केमिकलचे ४, टाइलचे ९ धरून चेहरा विटेपासून ३५ मिमीवर येतो. बरेच प्लंबर ठिय्ये मारायच्या आधीच हा डबा, म्हणजे बॉडी, सिमेंटने पक्की करून मोकळे होतात. आधी ठिय्ये, मग त्यांवर पट्टी टेकवून तिच्यापुढे १५ मिमी धरून बॉडीची खोली, मग पाइपांची दाबचाचणी, मग गिलावा. साध्या नळाच्या तोंडाला एक्स्टेन्शन निपल लावून निभतं, डायव्हर्टरचा डबा जास्त पुढे आला तर झाकण भिंतीला टेकतच नाही. दाराची चौकटही बघा, नवी टाइल चौकटीच्या ग्रॅनाइटच्या पुढे तर येत नाही ना.

वॉटरप्रूफिंग दोन घटकांचं सिमेंट-पॉलिमर, दोन हात, पहिला उभा दुसरा आडवा, कोपऱ्यात फायबर जाळीची पट्टी. शॉवरच्या उंचीपर्यंत पूर्ण भिंत.

टाइल लावताना १० मिमी दातांची थापी, आणि टाइलच्या पाठीवरही पातळ हात. पहिली टाइल बसवून लगेच काढून बघा. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. सांधा २ मिमी तरी ठेवा. लेव्हलिंग क्लिप जरूर वापरा, पण त्या शेजारच्या दोन कडा एका पातळीत धरतात, भिंत सरळ करत नाहीत. वाकड्या भिंतीवर त्या काढताना टाइल सुटलेली सापडते.

गिलाव्याला वेळच नसेल तर ६०० बाय १२०० दुकानात परत करून ३०० बाय ४५० घ्या. लहान टाइल थोडा बाक सांभाळून घेते. पण १८ मिमी तीही सांभाळणार नाही, मधला खड्डा भरावाच लागेल.