निनहायड्रिन या रसायनाने किती जुन्या कागदावरचे बोटांचे ठसे दिसतात, आणि कागद भिजला असेल तर?

कागद कोरडा राहिला असेल, तर काही वर्षांपूर्वीचा ठसाही दिसू शकतो. घामातील अमिनो आम्ले कागदाच्या तंतूंत रुतून बसतात आणि निनहायड्रिनशी त्यांची अभिक्रिया होऊन जांभळा रंग येतो. रसायनशास्त्रज्ञ रूहेमान यांनी ही अभिक्रिया १९१० मध्ये नोंदवली. ठशांसाठी तिचा उपयोग सुचायला मात्र १९५४ उजाडले. भिजलेल्या कागदाविषयी मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण याच मुद्द्यावरून नोकरीत असताना माझे वरिष्ठांशी वाजले होते.

त्या पावसाळ्यात नाशिकला गोदावरीचे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत चढले होते आणि सराफ बाजारातील एका दुकानातले गहाणखत पूर ओसरेपर्यंत पाण्यात राहिले. आपण तो कागद कधी हातातही धरला नाही, असे कर्जदाराचे म्हणणे होते. वरिष्ठांनी निनहायड्रिन फवारायला सांगितले. अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात, त्यामुळे पुरातून निघालेल्या कागदावर ती शोधणे म्हणजे घासून ठेवलेल्या परातीत कणीक शोधणे, असे मी स्पष्ट सांगितले. मागे उरतात ती तेलकट द्रव्ये, आणि त्यांच्यासाठी फिजिकल डेव्हलपर हे द्रावण आहे. त्यातील चांदी ठशाच्या रेषांवर बसते आणि ठसा करडा दिसू लागतो. हे काम किचकट आणि महाग, म्हणून ते नाकारले गेले. फवारणीतून काहीच उमटले नाही. खरे तर निनहायड्रिननंतरही फिजिकल डेव्हलपर वापरता येते, प्रयोगशाळांतला क्रमच तसा असतो. पण कागद परत पाठवून ‘ठसे आढळले नाहीत’ असा अहवाल दिला गेला आणि वकिलांनी त्याचा अर्थ ‘हात लागलाच नाही’ असा लावला. कागद भिजलेला होता आणि एकच रसायन वापरले गेले, हे त्या अहवालात नव्हते. असा अहवाल मी आजही निकामी मानतो.

तेव्हा तुमचे प्रकरण न्यायालयात असेल, तर अहवालात कोणती रसायने कोणत्या क्रमाने वापरली ते आधी पाहा आणि फिजिकल डेव्हलपर राहून गेले असेल तर वकिलांमार्फत त्याचा आग्रह धरा. मात्र ठसा मिळाला तरी तो केव्हा उमटला, हे त्यावरून सांगता येत नाही. शिवाय कागद म्हणजे थर्मल पावती (उष्णतेने छापलेली) असेल, तर निनहायड्रिनच्या नेहमीच्या द्रावणातील अल्कोहोल किंवा अॅसिटोनने ती काळी पडते. तिच्यासाठी वेगळी पद्धत लागते.